झेंड्याची साक्ष

कोर्टात साक्षीदार फुटतो हे आपल्याला नवं नाही. पंचनाम्यावर ज्याचा अंगठा आहे तोच माणूस पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, मी त्या दिवशी गावातच नव्हतो. अत्याचाराचे किती खटले असे पाण्यात गेले! फोटोतला राष्ट्रध्वज मला असाच साक्षीदार वाटत आला आहे. सरकार त्याला आपल्या बाजूनं बोलायला उभं करतं, पढवून आणतं. आणि एखाद्या दिवशी कुणी फोटोवाला भलत्याच जागी उभा राहतो, झेंड्याशेजारी भलत्याच माणसाला उभं करतो, आणि साक्षीदार उलटतो. ज्यानं आणला त्याच्यावरच बोट ठेवतो. आणखी पेच असा की तोच फोटो दुसऱ्या कुणी पाहिला तर तो म्हणतो, छे, हा तर सरकारच्याच बाजूनं बोलतोय. दोघंही खोटं बोलत नसतात.

ही गोष्ट मी अमेरिकेतल्या काही फोटोंवरून सांगणार आहे. अमेरिकाच का? कारण तिथं घरावर, दुकानावर, शाळेच्या वर्गात झेंडा असतो, आणि त्या झेंड्याखाली कुणाला किती जागा मिळायची हे कातडीच्या रंगावरून ठरत आलं. दुसरं म्हणजे आपलं आणि त्यांचं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं तेही तिथलंच.

तर पहिला फोटो. साल १९४२, महिना ऑगस्ट, गाव वॉशिंग्टन. (इकडे त्याच महिन्यात ९ तारखेला गवालिया टँकवर अरुणा असफअली तिरंगा फडकवत होत्या. त्या झेंड्यावर तेव्हा चरखा होता.) फोटो काढणारा गॉर्डन पार्क्स. कॅन्सस राज्यातल्या एका गरीब काळ्या कुटुंबातलं पंधरावं पोर. आई लवकर गेली. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यात वेटरचं काम करताना एका प्रवाशानं टाकून दिलेलं मासिक त्याच्या हातात पडलं. त्यात दुष्काळानं देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो होते. ते पाहून त्यानं गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला आणि स्वतःच शिकला. शाळा नाही, गुरू नाही, घराणं तर नाहीच.

ते मासिकातले फोटो सरकारीच होते. फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं होतं. त्याच्या फोटो विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर. १९३५ पासून या माणसानं देशभर फोटोवाले पाठवून गरिबीची नोंद करून घेतली. पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह आज तिथल्या संसदेच्या ग्रंथालयात आहेत. सरकारनं स्वतःच्या पैशानं स्वतःच्या देशाची भूक टिपून ठेवली, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. हेतू काही का असेना. आपल्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांचे किती फोटो सरकारनं असे जपलेत ते शोधावं लागेल.

या खात्यात पार्क्स एका शिष्यवृत्तीवर दाखल झाला. स्ट्रायकरनं पहिल्या दिवशी त्याचा कॅमेरा कपाटात ठेवून घेतला आणि सांगितलं, जा, शहर बघून ये. एका मोठ्या दुकानातून कोट घे, हॉटेलात जेव, सिनेमा बघ. पार्क्स गेला. दुकानात त्याला कोट मिळाला नाही, हॉटेलात जेवण नाही, सिनेमाचं तिकीट नाही. ही कुठली मागास वाडी नव्हे, देशाची राजधानी. आणि देश कशासाठी लढत होता? हिटलरच्या वंशवादाविरुद्ध!

पार्क्स संतापून परतला. हे सगळं फोटोत दाखवतो म्हणाला. स्ट्रायकरनं त्याला जे समजावलं ते फोटो काढणाऱ्या आणि कविता लिहिणाऱ्या आपल्या पोरांनीही ऐकण्यासारखं आहे. ज्यानं तुला हाकललं त्या गोऱ्याचा फोटो काढून खाली ‘हा दुष्ट’ असं लिहिलंस तर काही साधणार नाही. दुष्ट माणूस फोटोत चारचौघांसारखाच दिसतो. तेव्हा आधी इथं आयुष्य काढलेल्या कुणाशी तरी बोल. ती बघ, बाहेर एक बाई फरशी पुसतेय.

ती बाई म्हणजे एला वॉटसन. सरकारी कचेरीतली झाडूवाली. पार्क्सला तिनं जे सांगितलं ते त्यानं पुढे लिहून ठेवलं: बाप गोऱ्यांच्या जमावानं मारला, नवरा गोळी लागून गेला, आणि पदरी नातवंडं. वर्षाचा पगार १,०८० डॉलर. त्यात सहा तोंडं.

पार्क्सनं तिला कचेरीतल्या भिंतीवर टांगलेल्या भल्यामोठ्या झेंड्यासमोर उभं केलं. झेंडा उभा लोंबतोय, पट्टे वरून खाली. बाईच्या अंगात ठिपक्याठिपक्यांचा झगा. एका हातात झाडू, तोही उलटा धरलेला, केरसुणीचं तोंड वर. दुसऱ्या बाजूला मागे फरशी पुसायचं दांड्याचं फडकं. चेहऱ्यावर ना हसू ना रडू. झेंडा जरा पुसट आहे, बाई लख्ख आहे. एवढंच. हा फोटो आता जगभर माहीत आहे.

याचं नाव पडलं ‘अमेरिकन गॉथिक’. ते नाव आणि ती उभं राहण्याची तऱ्हा ग्रँट वुड या चित्रकाराच्या १९३० सालच्या चित्रावरून आली. त्या चित्रात एक गोरा शेतकरी आणि शेजारी एक बाई, मागे त्यांचं लाकडी घर, आणि शेतकऱ्याच्या मुठीत तीन दातांचं दाताळं. कष्टाळू, सोवळा, स्वतःच्या जमिनीचा मालक असलेला अमेरिकन माणूस म्हणून ते चित्र घरोघरी पोचलं. पार्क्सनं दाताळ्याच्या जागी झाडू दिला आणि घराच्या जागी झेंडा. शेतकऱ्याच्या मागचं घर त्याचं आहे. वॉटसनच्या मागचा झेंडा कुणाचा, हा सवाल तिथं उभा राहतो.

आता लोक म्हणतात, हा फोटो खरा नव्हे, उभा करून काढलेला आहे. पार्क्सनंही पुढे कबूल केलं की मी जरा जास्तच ठळक बोललो त्यात. पण मला विचाराल तर सरकारी फोटोत काय कमी मांडामांड असते? मंत्री झेंड्यासमोर उभा राहतो, कोट ओढून सरळ करतो, मग बटण दाबलं जातं. तो मात्र दस्तऐवज! झाडूवालीला मंत्र्याच्या जागेवर उभं केलं की नाटक म्हणायचं?

आणि इथंच हा साक्षीदार दोन तोंडांनी बोलतो. एक म्हणतो, बघा, या झेंड्याच्या वचनाखाली एक म्हातारी होत आलेली बाई आयुष्यभर दुसऱ्यांची घाण काढतेय. हे आरोपपत्र आहे. दुसरा म्हणतो, नाही, बाई ताठ उभी आहे, झेंडा तिच्या पाठीशी आहे, या देशाचा खांब हीच. हा सन्मान आहे. स्ट्रायकरला पहिलंच ऐकू आलं. फोटो पाहून तो म्हणाल्याचं पार्क्स सांगतो, तू योग्य दिशेला आहेस, पण आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या घालवशील. माझं मत विचाराल तर दोन्ही वाचनं खरी आहेत म्हणूनच फोटो टिकला. नुसतं आरोपपत्र असतं तर जुन्या फायलीत गेलं असतं.

माझी मावशी एका कचेरीत झाडलोट करायची. चौदा ऑगस्टच्या संध्याकाळी झेंड्याचा ओटा धुवायचा, चुन्याचे पट्टे मारायचे, रांगोळीची जागा सारवायची, हे तिचं काम. पंधराला सकाळी साहेब लोक ओट्यासमोर, आणि धुणारी फाटकाबाहेर, कारण तिच्याकडे तेव्हा घालायला बरं लुगडं नव्हतं आणि कुणी आत ये म्हणालंही नाही. दरवर्षी फोटो निघायचा. कचेरीच्या भिंतीवर त्या फोटोंची रांग होती. मी लहानपणी त्यात मावशी शोधायचो. सापडायचा तो ओटा. स्वच्छ.

पार्क्सनं मात्र तिथं थांबून सोडून दिलं नाही. नंतर तो बरेच दिवस वॉटसनच्या मागे मागे तिच्या घरी गेला, देवळात गेला, नातवंडांच्या जेवणाच्या टेबलापाशी बसला. कितीतरी फोटो काढले. तिथं त्याला मोठ्या झेंड्याची गरज लागली नाही. मला तर वाटतं झेंड्याचा फोटो पाहिलेल्या प्रत्येकानं ते बाकीचे पाहिलेच पाहिजेत. नाहीतर बाई पुन्हा एक चिन्हच होऊन बसते. माणूस असून चिन्ह होणं हा भोग आपल्याही वाट्याला पुष्कळ आलेला आहे.

त्याच वर्षी, एप्रिलात, देशाच्या दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोत डोरोथिआ लँग ही बाई एका शाळेच्या मैदानात फोटो घेत होती. तीही आधी स्ट्रायकरच्याच खात्यात होती. आता तिला सरकारच्या वेगळ्या खात्यानं कामाला लावलं होतं. जपाननं पर्ल हार्बरवर बाँब टाकले होते, आणि अध्यक्ष रूझवेल्टनं १९ फेब्रुवारी १९४२ ला हुकूम काढला होता. त्या हुकमाच्या बळावर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार, शेती, दुकान सोडून छावण्यांत डांबलं. त्यातले दोनतृतीयांश लोक जन्मानं अमेरिकन नागरिक. गुन्हा? डोळ्यांची ठेवण.

लँगच्या फोटोत शाळेची पोरं झेंड्याला शपथ देताहेत. छातीवर हात. एका जपानी मुलीचा चेहरा इतका मनापासून वर उठलेला की बघवत नाही. शपथेत सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय आहे. आणि त्या पोरीचं बिऱ्हाड थोड्याच दिवसांत गाठोड्यात बांधलं जाणार आहे. झेंडा या फोटोत ठळक दिसत नाही, पोरांच्या डोळ्यांत दिसतो.

सरकारला हवं होतं की सगळं कसं शिस्तीत आणि माणुसकीनं चाललंय याचा पुरावा राहावा. लँगला काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे, बंदूकधारी शिपाई टिपायची बंदी होती. तिनं बंदी पाळूनही काम केलं. शपथ घेणारं पोर टिपायला बंदी कशी घालणार? पण लष्करी अधिकाऱ्यांना फोटोतली साक्ष बरोबर कळली. युद्ध संपेपर्यंत ते फोटो जप्त करून ठेवले. सरकारनं पैसे देऊन काढवून घेतलेले फोटो सरकारनंच कोंडले. त्यांतले पुष्कळसे २००६ साली पुस्तकातून लोकांपुढे आले. मधे १९८८ साली कायदा होऊन माफी मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर भरपाई ठरली.

लँगचाच आणखी एक फोटो मान्झानार छावणीचा. तारीख ३ जुलै १९४२, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची पूर्वसंध्या. धुळीचं वादळ उठलंय, बराकींच्या रांगा, आणि मधे काठीवर झेंडा फडफडतोय. ज्याला अभिमान हवा त्याला अभिमान दिसतो: वादळातही झेंडा उभा आहे. बराकीतल्या माणसाला काय दिसलं असेल ते वेगळं.

या छावण्यांतली एक अ‍ॅरिझोनात गिला नदीकाठी होती. जागा कुणाची? पिमा नावाच्या आदिवासी जमातीची. सरकारनं जी जमीन त्यांना ‘ही तुमची’ म्हणून आखून दिली होती तिच्यावरच, त्यांचा विरोध असताना, छावणी बांधली. एका लुबाडलेल्या माणसाच्या अंगणात दुसऱ्या लुबाडलेल्याला कोंडलं. पिमा हे मूळचे कसलेले शेतकरी, कालवे काढून शेती करणारे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला गोऱ्यांनी नदी वळवली आणि यांची शेतं करपली. पाणी अडवून माणसाला गुडघ्यावर आणायची ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्यांना पाण्याचा हक्क कायद्यानं परत मिळायला २००४ साल उजाडलं.

या जमातीचा एक पोरगा आयरा हेज. १९४२ मध्येच नौसैनिकांच्या मरीन दलात भरती झाला. २३ फेब्रुवारी १९४५ ला जपानच्या इवो जिमा बेटावर एका डोंगरमाथ्यावर सहा सैनिक झेंड्याची काठी रोवताना जो रोझेंथल या वृत्तसंस्थेच्या फोटोग्राफरनं टिपले. झेंड्याचा याच्याइतका छापला गेलेला फोटो क्वचितच असेल. त्यात डावीकडे सगळ्यात मागे, काठीपर्यंत हात न पोचलेला, तो हेज. चेहरे कुणाचेच दिसत नाहीत. सगळे पाठमोरे, एका देहासारखे वाकलेले. म्हणून तर सरकारला तो इतका आवडला. चेहरा नाही म्हणजे जात नाही, वर्ण नाही, गाव नाही. फक्त देश.

फोटोतले सहापैकी तिघं त्याच बेटावर मेले. उरलेल्यांना परत आणून युद्धकर्ज गोळा करायला गावोगाव फिरवलं. या मोहिमेत २६ अब्ज डॉलर उभे राहिले. पण फोटोत नेमकं कोण आहे याचाच घोळ होता. एका मेलेल्या सैनिकाच्या जागी दुसऱ्याच मेलेल्याचं नाव लागलं होतं. हेजला माहीत होतं, त्यानं सांगितलं, त्याला गप्प बसवलं. १९४६ साली हा माणूस शेतावरून निघाला, मिळेल त्या गाडीनं आणि पायी सुमारे तेराशे मैल टेक्ससला गेला, आणि त्या खऱ्या सैनिकाच्या आईबापाला सांगून आला की फोटोतला तो तुमचा पोरगा आहे. १९४७ मध्ये नाव दुरुस्त झालं. आणखी दोन नावं चुकीची होती, ती २०१६ आणि २०१९ साली दुरुस्त झाली. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोची ही कथा! सत्तर वर्षं देश ज्या माणसांना सलाम करत होता त्यांतली दोन माणसं फोटोत नव्हतीच.

आणि हेजला, ज्यानं झेंडा रोवला त्याला, त्याच्या राज्यात मताचा हक्कच नव्हता. अ‍ॅरिझोनात आदिवासींना मतदान करता येऊ लागलं ते १९४८ साली, तेही कोर्टात जाऊन. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्या फोटोवरून केलेला प्रचंड ब्राँझचा पुतळा राजधानीजवळ उभा राहिला. अनावरणाला हेजला बोलावलं होतं. अडीच महिन्यांनी, २४ जानेवारी १९५५ ला, तो आपल्या वस्तीजवळ थंडीत, दारूच्या अमलाखाली मरून पडलेला सापडला. वय ३२. दारूवर बोट ठेवून मोकळं होणारे पुष्कळ असतात. आपल्या वस्त्यांबद्दलही तेच बोलतात. नदी कुणी वळवली ते विचारत नाहीत.

रॉबर्ट फ्रँकबद्दल थोडक्यात. हा स्वित्झर्लंडमधला ज्यू, १९४७ ला अमेरिकेत आलेला. १९५५-५६ मध्ये जुन्या मोटारीतून देश हिंडला. काढलेले फोटो अठ्ठावीस हजारांच्या आसपास, पुस्तकात घेतले ८३. पुस्तक आधी १९५८ ला पॅरिसला निघालं, मग १९५९ ला अमेरिकेत. पहिलाच फोटो होबोकेन गावचा. मिरवणूक चालली आहे, पण मिरवणूक दिसत नाही. विटांची भिंत, दोन खिडक्या, दोन बाया बघताहेत, आणि वाऱ्यानं ताणलेल्या झेंड्यानं एकीचा चेहराच झाकून टाकलाय. कुणी मांडलेलं नाही, वाऱ्यानं केलं. समीक्षकांनी आरडाओरड केली, परका माणूस देशाची बदनामी करतोय म्हणून. चेहरा झाकला झेंड्यानं, बदनामीचा ठपका आला फोटोवाल्यावर!

दक्षिणेत त्या काळात झेंडे दोन होते. गुलामगिरी टिकवायला १८६०-६१ साली जी राज्यं फुटून निघाली त्यांचा लढाईचा झेंडा गोऱ्यांनी पुन्हा बाहेर काढला होता. अलाबामाच्या विधानभवनाच्या घुमटावर तो १९६३ पासून १९९३ पर्यंत बराच काळ फडकत होता. त्यामुळे तिथं राष्ट्रध्वज हातात घेणं हेच काळ्यांचं बंड ठरलं. मार्च १९६५ च्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चात लोक तो घेऊन चालले. जेम्स काराल्सनं टिपलेल्या फोटोत वर काळाकुट्ट ढग, खाली माळाच्या कडेनं चाललेली माणसांची ओळ, आणि त्यांच्यात तो झेंडा. सरकारी उत्सवात जे कापड झोपलेलं दिसतं ते इथं जागं आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये मिसिसिपीची राजधानी जॅक्सन. मॅट हेरन या फोटोवाल्यासमोर राज्यपालांच्या बंगल्याबाहेर काळ्यांचा एक गट बसला होता. ज्या मतदारसंघांत काळ्यांना मत देऊ दिलं जात नाही तिथून निवडून गेलेले खासदार बेकायदा आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यात एक पाच वर्षांचा पोरगा, हातात छोटा कागदी नाहीतर कापडी झेंडा, बाजारात मिळतो तसला. एक गोरा पोलीस तो हिसकावतोय. पोरगं सोडत नाही. आईनं त्याला बजावलं होतं, झेंडा देऊ नकोस. पोलिसाच्या तोंडावरचा राग बघावा. राष्ट्रध्वजाचा मान राखायची शपथ घेतलेला गणवेशातला माणूस राष्ट्रध्वजच ओढतोय, आणि ज्याला देश आपला म्हणायला तयार नाही ते पोर तो घट्ट धरून आहे. इथं साक्षीदार फुटला नाही. पण मी हा फोटो दाखवला तेव्हा एक गृहस्थ मला म्हणाले, पोलीस झेंडा सांभाळून घेत असेल, पोराकडून पडू नये म्हणून. आता बोला!

आपल्याकडची गोष्ट इथं आलीच पाहिजे, कारण तिचा संबंध थेट झेंड्याशी आहे. आपला ध्वज ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं तो स्वीकारला, चरख्याच्या जागी अशोकाचं चक्र आलं. तेव्हा तो कापडाचा तुकडा आपल्याला परका आहे असं कुणी सांगू नये. आणि तरी पंचवीस वर्षांनी, १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’त राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. ढाल्यांनी दोन दंड शेजारी शेजारी ठेवले. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला तीनशे रुपये, आणि दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर पन्नास. पुढे त्यांनी जी भाषा वापरली तिनं महाराष्ट्र पेटला. पेटला तो झेंड्यासाठी. बाईसाठी पेटल्याचं मला कुठं वाचायला मिळालं नाही.

मला त्यात पार्क्सचा फोटो दिसतो. ढाल्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. त्यांनी एका वाक्याच्या चौकटीत झेंडा आणि फेडलेलं लुगडं एकत्र आणलं. एरवी या दोन गोष्टी एका चौकटीत येत नाहीत. झेंडा पहिल्या पानावर येतो आणि लुगडं आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींत. पार्क्सनंही एवढंच केलं होतं: झाडू आणि झेंडा एका भिंतीपाशी आणले. आरडाओरड होते ती चिन्हाचा अपमान झाला म्हणून होत नाही. जवळ आणायचं नव्हतं ते जवळ आणलं म्हणून होते.

शेवटचा फोटो ५ एप्रिल १९७६ चा, बॉस्टनचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं दोनशेवं वर्ष, गावभर झेंडे. १९७४ साली कोर्टानं हुकूम दिला होता की काळ्या आणि गोऱ्या मुलांना बसमधून एकमेकांच्या वस्तीतल्या शाळांत पाठवून शाळा एकत्र करा. गोऱ्या वस्त्यांनी दगड उचलले. त्या दिवशी गोरी शाळकरी पोरं मोर्चानं नगरपालिकेवर आली. सभागृहात त्यांचं स्वागत झालं. तिथं त्यांनी झेंड्याची शपथ म्हटली. तीच शपथ, जी लँगच्या फोटोतली जपानी पोर म्हणत होती. म्हणून झाल्यावर बाहेर आली, आणि चौकात त्यांना टेड लँड्समार्क दिसला. काळा वकील, येलमध्ये शिकलेला, तीन तुकड्यांच्या सुटात.

स्टॅन्ली फोर्मननं टिपलेल्या फोटोत एक गोरा पोरगा झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरून लँड्समार्कवर धावतोय, जणू भाला भोसकतोय. मागून एका माणसानं लँड्समार्कला धरून ठेवलंय. दूर जुनं स्टेट हाऊस दिसतं. त्याच्यासमोरच १७७० साली इंग्रज शिपायांच्या गोळीनं क्रिस्पस अ‍ॅटक्स पडला होता. स्वातंत्र्यलढ्यातल्या पहिल्या हुतात्म्यांमध्ये त्याचं नाव घेतात, आणि तो काळा होता. फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

पण इथंही साक्ष तपासून घ्यावी लागते. त्या पोरानं काठी भोसकली नव्हती, आडवी फिरवली होती. लँड्समार्कचं नाक मोडलं ते ठोशांनी. आणि मागून धरणारा जो माणूस फोटोत सगळ्यात दुष्ट वाटतो, तो गोऱ्यांच्या आंदोलनाचा पुढारी होता खरा, पण त्या क्षणी तो मारामारी सोडवायला मधे पडला होता. म्हणजे फोटो खोटा? मुळीच नाही. नाक मोडलं होतं, झेंडा हत्यार झाला होता, आणि दोन वर्षं दगड पडत होते. एका माणसाच्या हाताचा अर्थ मात्र फोटोनं चुकीचा सांगितला. हे मी लपवणार नाही. आपल्या बाजूचा साक्षीदार आहे म्हणून त्याची उलटतपासणी घ्यायची नाही, ही त्यांची रीत आहे.

लँड्समार्क दवाखान्यातून नाकावर पट्टी बांधून वार्ताहरांसमोर आला. पोरांपेक्षा त्यांना चिथावणाऱ्यांबद्दल आणि गावातल्या कामधंद्याच्या वाटणीबद्दल बोलला. त्या सकाळी तो घाईत होता. नगरपालिकेत एक बैठक होती, बांधकामाच्या कामांत काळ्यांना आणि इतर अल्पसंख्य मजुरांना किती जागा द्यायच्या याची. त्याला उशीर झाला होता आणि तो चौकातून आडवा चालला होता.